अर्जदाराचा कुत्रा

सुदर्शनराव जगदाळे यांच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात घराचं खरेदीखत, लेकीच्या मार्कशिटा आणि विम्याचे कागद यांच्या शेजारी एक पितळी बिल्ला ठेवलेला होता. तो बाळ्याचा. बाळ्या म्हणजे जगदाळ्यांचा कुत्रा. रंगाने तपकिरी, डावा पुढचा पाय पांढरा, शेपटीचं टोक पांढरं आणि उजवा कान कायम दुमडलेला. समाधान कॉलनीत एकेचाळीस घरं, त्यांतल्या सात घरांत कुत्रे. पण रीतसर परवाना काढलेला कुत्रा एकटा बाळ्याच. त्या परवान्यासाठी सुदर्शनरावांनी चार खेपा घातल्या होत्या. बाळ्याला फोटो स्टुडिओत नेऊन निळ्या पडद्यापुढे बसवलं होतं. अर्जात ‘नाव’ या रकान्यात ‘बाळ्या सुदर्शन जगदाळे’ असं पूर्ण नाव लिहिलं होतं, कारण अर्धवट भरलेला अर्ज त्यांना आयुष्यात कधी बघवला नाही. आणि एवढ्या कष्टाने मिळालेला बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात बांधून खराब करायचा, हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटणार नाही. म्हणून परवान्याला लॅमिनेशन झालं, बिल्ला प्लास्टिकच्या पिशवीत गेला आणि पिशवी कपाटात गेली. बाळ्या मोकळ्या गळ्याने हिंडायला मोकळा.

सुदर्शनराव एका सहकारी बँकेत सह्या पडताळायचं काम करत. सव्वीस वर्षांत एक खोटी सही त्यांच्या टेबलावरून पुढे गेली नव्हती. असा माणूस कॉलनीच्या नागरिक समितीचा अध्यक्ष होणार, हे ओघानेच आलं. अध्यक्ष झाल्यापासून ते जबाबदार पशुपालनावर बोलत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही त्यांनी रेबीजच्या लशीचं वेळापत्रक समजावून सांगितलं होतं.

बाळ्याला फिरवायची त्यांची पद्धत मात्र साधी होती. पहाटे साडेपाचला गेट उघडायचं, बाळ्या बाहेर गेला की चहाचा कप घेऊन बनियनवर गेटात उभं राहायचं. बाळ्या तासाभराने स्वतःच परत यायचा. या तासाभरात तो कुठे जातो, कुणाला भेटतो, हे विचारायचं सुदर्शनरावांना कधी सुचलं नाही. लेक नोकरीला पुण्याला गेल्यापासून रूपालीताईंचा दिवस बाळ्याशी बोलण्यात जायचा, आणि त्याही यावर काही बोलत नसत.

तर झालं असं, की कॉलनीतल्या मोकाट कुत्र्यांनी डोकं वर काढलं. काळी नावाची एक कुत्री होती. तिला मागच्या वर्षी पाच पिल्लं झाली, त्यांतली तीन जगली आणि बघता बघता दांडगी झाली. बाकी चार कुत्री कुठून कुठून आलेली. आठ जणांची ही टोळी सकाळी दुधवाल्याच्या आणि संध्याकाळी क्लासच्या पोरींच्या स्कुटीमागे धावायची. शेजारचे तात्यासाहेब निवृत्त मंडल अधिकारी होते. त्यांच्या नातीचा ओढणीचा पदर एकदा कुत्र्याच्या तोंडात राहिला, तेव्हा मात्र समितीला हालचाल करणं भाग पडलं.

“जगदाळे, अर्ज करा,” तात्यासाहेब म्हणाले. “तुमच्यासारखा अर्ज या कॉलनीत कोणी लिहीत नाय.”

हे वाक्य सुदर्शनरावांच्या कानाला गोड लागलं. त्यांनी तीन कच्चे मसुदे केले. कुत्री मारावीत किंवा कुठे तरी नेऊन सोडावीत असलं काही त्यांनी लिहिलं नाही, तेवढा नियम त्यांना माहीत होता. ‘कॉलनीतील सर्व कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना नियमानुसार पूर्वीच्याच जागी सोडण्यात यावे’ असं त्यांनी लिहिलं. ‘सर्व’ या शब्दाखाली रेघ मारली. मग घरोघर फिरून सह्या घेतल्या. लोक एरवी वर्गणीचं पुस्तक दिसलं की बाथरूममध्ये शिरतात, पण या अर्जावर माणसं पळत येऊन सह्या करत होती. तिसऱ्या गल्लीतल्या द्वारकाबाई एरवी प्रत्येक कागदाला दहा शंका काढायच्या. त्यांनी तर अर्ज न वाचता सही केली आणि वर म्हणाल्या, “लई मोठं मन लागतं बरं का अशा कामाला.” एकूण तेवीस सह्या जमल्या. आपल्या शब्दाला कॉलनीत एवढं वजन आहे याचं सुदर्शनरावांना त्या रात्री राहून राहून समाधान वाटत होतं.

महिनाभराने कुत्री धरायला महापालिकेची गाडी आली, आणि आली ती नेमकी पाण्याच्या दिवशी. आठ दिवसांनी नळाला पाणी येणार म्हटल्यावर त्या पहाटे समाधान कॉलनीत माणूस माणसाला ओळखत नाही. मोटारींचा आवाज, गल्लीभर पसरलेले पाइप, टाकी भरली का ते बघायला गच्चीवर चढलेली माणसं. जगदाळ्यांकडे रूपालीताई मोटारीपाशी होत्या आणि सुदर्शनराव इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत फाइल घेऊन कोपऱ्यावर गाडीच्या स्वागताला उभे होते. गेट उघडंच होतं. बाळ्या नेहमीप्रमाणे बाहेर गेलेला.

गाडीवरचे हबीबभाई शांत माणूस. हातात जाळी, खांद्यावर गमछा. त्यांनी ना आरडाओरडा केला ना काठी उगारली. दोन मदतनीस घेऊन गल्ल्यांतून गेले आणि पाऊण तासात काम उरकून आले. कागद पुढे करून म्हणाले, “साब, नौ हैं. देख लो और यहाँ दस्तखत मारो.”

सुदर्शनरावांनी गाडीच्या जाळीकडे पाहिलं. आत अंधार आणि कुत्र्यांची घालमेल. शिवाय त्याच वेळी तात्यासाहेब गच्चीवरून ओरडत होते, “जगदाळे, तुमची टाकी वाहायली!” आठ दिवसांचं पाणी रस्त्यावर वाहून जातंय म्हटल्यावर कुठला गृहस्थ कुत्रे मोजत बसेल? ‘वरील नऊ कुत्रे बेवारस असल्याची खात्री केली’ या ओळीखाली त्यांनी आपली सुप्रसिद्ध, दोन रेघांची सही ठोकली आणि घराकडे धावले.

टाकी बंद करून ते खाली आले तर रूपालीताई गेटात उभ्या.

“अहो, बाळ्या आला नाही अजून.”

“येईल की. जातो कुठे?”

तेवढ्यात तात्यासाहेब गच्चीवरून उतरून आले. “जगदाळे, गाडीवाला नऊ म्हणत होता म्हणे. पण आपल्या कॉलनीत मोकाट तर आठच होते.”

सुदर्शनरावांनी मनात वजाबाकी केली. हिशेब सरळ होता. रूपालीताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि आत निघून गेल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात त्या भांडल्या तर सुदर्शनरावांना फारशी भीती वाटत नसे. त्या गप्प झाल्या की मात्र ते हादरून जायचे.

आता प्रश्न दोन होते. एक, बाळ्याला घरी आणायचं. दुसरा, ज्याने अर्ज केला त्याचाच कुत्रा बेवारस म्हणून उचलला गेला, हे कॉलनीत कळू द्यायचं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तिथल्या तिथे काढलं. तात्यासाहेबांना म्हणाले, “बाळ्या ना? त्याला कालच फुलंब्रीला मेव्हण्याकडे पाठवलाय. हवापालट.”

“असं व्हय,” तात्यासाहेब म्हणाले. “चांगलं केलं.”

सुदर्शनरावांनी कपाटातून बिल्ला काढला, परवाना काढला, बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शहराबाहेरच्या कुत्र्यांच्या केंद्रावर गेले. तिथे टेबलामागे पुंजारामबाबू होते. त्यांनी परवाना उलटापालटा करून पाहिला, बिल्ला पिशवीतून काढून खिडकीच्या उजेडात धरला.

“नवाच आहे की. घातलाच नाय का कधी?”

“जपून ठेवला होता.”

“कुत्र्यासाठी असतो हो हा, साहेब. कपाटाला कोण उचलून नेतंय?”

मग त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी मांडले. एका कागदावर ‘सदर कुत्र्याचा मालक’ म्हणून सही, दुसऱ्यावर ‘नऊही कुत्रे बेवारस’ म्हणून सही.

“या दोन्ही सह्या तुमच्याच व्हय?”

सुदर्शनरावांनी सवयीने चष्मा वर सरकवला. पहिली रेघ, दुसरी रेघ, ‘दा’चा काना, सगळं जुळत होतं. “माझ्याच आहेत,” ते म्हणाले.

“मग खरी कोणती धरायची?”

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी शेकडो खातेदारांना विचारला होता. त्या माणसांचे चेहरे असे का व्हायचे, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुंजारामबाबू मनाने वाईट नव्हते. त्यांनी वाट सांगितली: मालकाने लेखी निवेदन द्यायचं आणि डॉक्टरांसमोर आपला कुत्रा ओळखून दाखवायचा. बिल्ल्यावरून एवढंच सिद्ध होत होतं, की जगदाळ्यांकडे कुठला तरी कुत्रा आहे. आतला कोणता, हे बिल्ल्यावर लिहिलेलं नव्हतं. ओळखून दाखवायचं काय, त्यात काय अवघड? सुदर्शनराव हबीबभाईंच्या मागोमाग पिंजऱ्यांच्या रांगेत शिरले आणि थबकले.

समोर चार पिंजऱ्यांत चार बाळ्या होते. चौघे तपकिरी. चौघांचा डावा पुढचा पाय पांढरा, शेपटीचं टोक पांढरं, उजवा कान दुमडलेला. चौघांनी त्यांना पाहून शेपट्या हलवल्या.

डॉक्टर राजनंदिनी नावाच्या तरुण बाई हातमोजे काढत आल्या. “ओळखा, काका.”

सुदर्शनरावांनी घसा साफ केला. “बाळ्या,” त्यांनी हाक मारली. चौघांनी भुंकून उत्तर दिलं. त्यांनी स्टुडिओतला फोटो पुढे धरून पाहिला. फोटोतला कुत्रा निळ्या पडद्यापुढे घाबरून बसलेला होता आणि इथे घाबरलेलं कोणी नव्हतं. सही असती तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं. पण रोज पहाटे गेटातून पाठमोऱ्या जाणाऱ्या बाळ्याचा चेहरा त्यांनी कधी नीट पाहिलेलाच नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. शेवटी जरा गुबगुबीत दिसणाऱ्याकडे त्यांनी बोट दाखवलं. “हा.”

हबीबभाईंनी गमछ्याने तोंड पुसलं. “नक्को साब. वो लडकी है.”

मग रूपालीताईंना फोन करावा लागला. त्या रिक्षा करून आल्या. पिंजऱ्यांसमोर पदर सावरून जमिनीवर बसल्या. तीन कुत्रे उड्या मारून भुंकत राहिले. चौथा एकदम गप्प झाला, सरकत पुढे आला आणि पिंजऱ्याच्या गजांना पाठ टेकवून बसला. घरी रूपालीताई भाजी निवडत असल्या की तो त्यांच्या गुडघ्याला असाच टेकून बसायचा. त्यांनी गजांतून हात घालून त्याची मान खाजवली. “हे काय, उपाशी आहेस होय रे?” एवढंच म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांनी कागदावर खूण केली.

“आता घेऊन जाऊ?” सुदर्शनराव म्हणाले.

“जा की. पण त्याआधी एक सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “परवाना आहे, लस आहे, सगळं आहे. मग याचं ऑपरेशन का नाही केलं?”

“तो घरातला कुत्रा आहे. घरातल्याला कशाला?”

डॉक्टरांनी फक्त बाकीच्या तीन पिंजऱ्यांकडे पाहिलं. तिथून पलीकडे, पाचव्या पिंजऱ्यात काळी पडली होती. सुदर्शनरावांनीही पाहिलं. पांढरे पाय मोजले, दुमडलेले कान मोजले. मागचं वर्ष, पहाटेचा तो तासभर, उघडं गेट आणि हातातला चहा, सगळं एकेक करून त्यांच्यासमोर आलं.

हबीबभाई हळूच म्हणाले, “पंद्रा साल से पकडता हूँ साब. बाप और औलाद एकीच दिन गाडी में बैठे, ऐसा मैंने पहली बार देखा.”

“काका, तुमच्याच अर्जात तुम्ही ‘सर्व कुत्र्यांचे’ असं लिहिलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “खाली रेघसुद्धा मारलीय. आणि गेट उघडून देणं म्हणजे कुत्रा फिरवणं नव्हे. पट्टा धरून आपण सोबत चालायचं असतं.”

संक्रांतीच्या बायकांपुढे हे सगळं किती सोपं वाटलं होतं! बाळ्याचं ऑपरेशन म्हणजे आपल्याच पौरुषाला धक्का, असं काहीसं त्यांना मनातून वाटत होतं, आणि ते इतकं हास्यास्पद होतं की त्यांनी ते स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. रूपालीताई उठून उभ्या राहिल्या. “डॉक्टर, करून टाका. हे देतील सही.”

त्यांनी सही दिली. निवेदनही लिहून दिलं: ‘माझा कुत्रा माझ्याच हलगर्जीपणामुळे मोकळा फिरत होता.’ हे वाक्य लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली. कागद देताना त्यांनी एकच विनंती केली, की हे कॉलनीत कळू नये. डॉक्टर म्हणाल्या, “आमचं काम कुत्र्यांचं आहे, काका. माणसांचं तुम्ही बघा.”

पुढचे पाच दिवस बाळ्या केंद्रात होता. रूपालीताई रोज रिक्षाने जाऊन त्याला दुपारी बघून येत. आणि कॉलनीतला प्रत्येक माणूस सुदर्शनरावांना अडवून बाळ्याची चौकशी करत होता. दूधवाला म्हणाला, “फुलंब्रीची हवा मानवली का हो?” तात्यासाहेब रोज सकाळी विचारत, “मेव्हण्यांचा काही फोन?” द्वारकाबाईंनी तर बाजरीची भाकरी बांधून दिली, फुलंब्रीकडे कोणी जाणारं असलं तर द्या म्हणून. लोकांचं हे प्रेम बघून सुदर्शनराव भारावून गेले. खोटं बोलल्याचा त्यांना पश्चात्ताप होत होता. पण एकदा बोलल्यावर मेव्हण्याची तब्येत, शेतावरची विहीर, बाळ्याचं तिथलं खाणं असं रोज थोडं थोडं वाढवावंच लागत होतं.

सहाव्या दिवशी गाडी आली. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला बारीक काप दिलेले आठ कुत्रे आपापल्या गल्लीत उतरले आणि काही झालंच नाही अशा थाटात आपापल्या जागी जाऊन झोपले. बाळ्याला रूपालीताईंनी रिक्षातून, मांडीवर चादर टाकून आणलं. बिल्ला त्याच्या गळ्यात होता.

रविवारी समितीची सभा भरली. सुदर्शनरावांनी मोहीम यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि टाळ्यांची वाट पाहत थांबले. टाळ्या काही आल्या नाहीत. द्वारकाबाई उभ्या राहिल्या.

“मोहीम कसली? कुत्री तर परत आली की! काल त्या तीन तपकिरी कुत्र्यांनी माझ्या दारातली पायपुसणी नेली. माझा भाचा टेम्पो चालवतो. तो म्हणतो, तिघांना कन्नडच्या घाटात सोडून येतो. कोणाला कळणार बी नाय.”

दोन-चार माना हलल्या. सुदर्शनरावांनी नियम सांगितला. कुत्रं होतं तिथंच परत सोडायचं असतं. दुसरीकडे सोडणं गुन्हा आहे. शिवाय ही जागा रिकामी झाली की दुसरी कुत्री येतात, आणि त्यांना लस टोचलेली नसते.

“नियम तुमच्या फाइलीत,” द्वारकाबाई म्हणाल्या. “ह्या तिघांचं कोण हाय इथं विचारणारं? कोणाची हायेत ती?”

सुदर्शनराव उभेच होते. खाली बसता आलं असतं. घाट, टेम्पो, अंधारात उतरवलेली ती तीन जनावरं, आणि जाळीपलीकडून आपल्याला पाहून हललेल्या त्या शेपट्या.

“माझी आहेत,” ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“म्हणजे आमच्या बाळ्याची आहेत. बाळ्या फुलंब्रीला गेला नव्हता. त्याच गाडीतून गेला होता. मीच त्याला रोज मोकळा सोडत होतो. या तिघांची दरवर्षीची लस मी टोचून घेईन, एका ठरलेल्या जागी त्यांना खायला घालीन. कुणाच्या अंगावर धावले तर माझ्याकडे यायचं. पण घाटात कोणी न्यायचं नाही.”

कोणी हसेल, कोणी टोमणा मारेल, म्हणून ते मान खाली घालून वाट पाहत होते. कोणी काहीच केलं नाही.

“बरं झालं बोललात,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. “आता टेम्पो नको. पायपुसणी तेवढी आणून द्या.”

“तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?” सुदर्शनरावांनी विचारलं.

तात्यासाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. “जगदाळे, त्या पोरांचे कान बघितले का कधी? शेपट्या? अहो, पिल्लं झाली तवाच समद्या कॉलनीला कळलं होतं, बाप कोण ते. तुम्हाला कसं सांगायचं, हा प्रश्न होता. आणि वर्षभरानं तुम्हीच अर्ज घेऊन दारात आलात. ‘सर्व’ला रेघ मारून. आम्हाला वाटलं, काय माणूस हाय! स्वतःच्या कुत्र्यावर अर्ज करतोय. म्हणून तर पळत येऊन सह्या केल्या. त्या गाडीत तो दिसला नसता तर आम्हीच विचारलं असतं, बाळ्याला का सोडला म्हणून. फुलंब्रीचं ऐकलं तवा कळलं, तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.”

सुदर्शनरावांनी वळून बायकोकडे पाहिलं. रूपालीताई शांतपणे म्हणाल्या, “पाचवी सही माझी आहे.”

“अगं, पण मला सांगायचं तरी!” सुदर्शनराव कळवळले. “तात्या, तुम्ही तरी! कुणीतरी एकाने तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं,” तात्यासाहेब म्हणाले, “तर तुम्ही अर्ज केला असता व्हय?”

सुदर्शनरावांनी हातातलं पेन सभेच्या वहीवर आडवं ठेवलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचार केला.

“नसता केला,” ते म्हणाले.